पाण्यातली म्हैस आणि बावीस टनांचा पोकलेन

पत्र:

"मातीकामाची आणि पाइपलाइनच्या चरांची कामं घेतो. आजवर पोकलेन भाड्यानेच लावला. दिलेल्या भाड्याची बेरीज केली तर एव्हाना एक मशीन सुटलं असतं. म्हणून आता स्वतःचं २२ टनी मशीन घ्यायचं ठरवलंय. परदेशातल्या एका उत्पादकाने थेट प्रोफॉर्मा, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिल, पाठवला आहे. इथला डीलर त्याच वर्गातल्या मशीनचे जे पैसे सांगतो, त्यापेक्षा हा भाव जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी आहे. अट सीआयएफ, म्हणजे किमतीतच विमा आणि जहाजभाडं धरलेलं. ३० टक्के आगाऊ, ७० टक्के मशीन जहाजावर चढण्याआधी. विक्रेता म्हणतो, 'जहाजाचं भाडं आमचं, विमा आमचा, तुम्ही फक्त बंदरावरून मशीन घेऊन जायचं.' नवं जड जात असेल तर २,१०० तास चाललेलं एक जुनंही त्यांच्याकडे आहे, त्याचे फोटो आलेत. थोरला भाऊ म्हणतो, बुडशील. मेहुणा भागीदार आहे, तो म्हणतो, अशी संधी पुन्हा येणार नाही. आगाऊ रक्कम पंधरा दिवसांत पाठवायची आहे. काय करू?
— एक मातीकाम कंत्राटदार"

नमस्कार.

आगाऊ रक्कम तूर्त पाठवू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पंधरा दिवसांची मुदत तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलीत आणि मला पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ तीच वाटली. ही घाई विक्रेत्याची आहे, तुमची नाही. २२ टनी एक्स्कॅव्हेटर हा कुठल्याही उत्पादकाचा रोजचा माल असतो. तो पंधरा दिवसांत संपत नाही.

आयात करूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. वीसेक वर्षं मी यंत्रांच्या आयातीचीच कागदपत्रं बघितली. थेट मागवलेल्या मशिनांवर उभे राहिलेले कंत्राटदार पाहिलेत, आणि मशीन अंगणात उभं करून हप्ते फेडणारेही पाहिलेत. दोघांत हुशारीचा फरक फारसा नव्हता. पहिल्यांनी पैसे देण्याआधी भांडून घेतलं होतं, दुसऱ्यांनी मशीन आल्यावर भांडायला सुरुवात केली.

तुमचा सौदा मराठीतल्या जुन्या म्हणीतला आहे: पाण्यात म्हैस, बाहेर मोल. शिंगं तेवढी दिसतात, बाकी अंदाज. अशा सौद्यात तुमच्या हाती दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे अजून न दिलेले पैसे, आणि दुसरी म्हणजे करारात काय लिहून घ्यायचं ते. जहाजाने नांगर उचलला की दोन्ही हातातून गेल्या. त्यामुळे तुमचं सगळं बळ आत्ता या पंधरा दिवसांत आहे आणि ते तुम्ही न वापरता देऊन टाकायला निघाला आहात.

आता 'सीआयएफ' या शब्दाकडे येऊ. विक्रेत्याचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. सीआयएफमध्ये जहाजाचं भाडं आणि विम्याचा हप्ता तो भरतो, हे खरं. पण जोखीम तुमच्या बंदरावर तुमच्याकडे येत नाही. ती येते त्याच्या बंदरावर, मशीन जहाजावर चढलं त्या क्षणी. त्यानंतर समुद्रात जे होईल ते तुमच्या मशीनचं होतं, भले जहाज त्याने ठरवलेलं असो. भाडं कोण भरतो आणि नुकसान कोणाचं, हे दोन प्रश्न या अटीत वेगवेगळ्या बंदरांवर सुटतात, आणि पहिल्यांदा आयात करणारे दहातले नऊ जण इथेच फसतात. मीही फसलो होतो.

या अटी आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या 'इन्कोटर्म्स'मधल्या आहेत. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि तिच्यात अकरा अटी आहेत. प्रोफॉर्मावर नुसतं 'सीआयएफ' लिहिलं असेल तर पुढे बंदराचं नाव आणि 'इन्कोटर्म्स २०२०' हे शब्द घालून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विमा. सीआयएफमध्ये विक्रेत्यावर बंधन असतं ते फक्त किमान विम्याचं. मालवाहतूक विम्यात ए, बी आणि सी असे तीन संच असतात, आणि किमान म्हणजे सी. सी संचात आग, जहाज बुडणं, खडकावर चढणं, टक्कर अशी मोठी संकटं येतात. चोरी येत नाही. क्रेनवरून आपटणं येत नाही. पावसाचं पाणी केबिनमध्ये शिरणं येत नाही. म्हणजे मशीनच्या बाबतीत जे एरवी घडतं, त्यातलं बहुतेक काही येत नाही.

मी हे कुठे शिकलो ते सांगतो. आमच्या कंपनीने मागवलेलं एक मशीन बंदरात उतरलं. बाहेरून नवंकोरं, रंगावर ओरखडा नाही. केबिनचं दार उघडलं तर सीटवरचं प्लॅस्टिक तसंच ताणलेलं, पायाखालच्या रबरी चटईवर बुटाचा एक ठसा, आणि समोर जिथे मॉनिटर असायला हवा तिथे चार कनेक्टर लोंबत होते. वायरी कापल्या नव्हत्या. कुणीतरी जाणकाराने क्लिपा दाबून, नीट सोडवून नेला होता. जहाजावर गेला, मधल्या बंदरात गेला की यार्डात, ते आजतागायत कळलेलं नाही. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, माल सुस्थितीत चढल्याचा शेरा होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने आत वाकूनसुद्धा पाहिलं नाही. 'कुठला क्लॉज?' म्हणजे विम्याचा कुठला संच, एवढंच विचारलं. मी फाइल उघडली. सी. तो चहाही न घेता गेला.

मॉनिटरची किंमत एक वेळ सोसली असती. पण नवा मॉनिटर आल्यावर कळलं की तो मशीनच्या कंट्रोलरशी जोडायला उत्पादकाचं सॉफ्टवेअर लागतं, ते चालवणारा तंत्रज्ञ त्यांच्याच माणसांपैकी हवा, आणि त्याला व्हिसा काढून आणावं लागणार. मशीन सात आठवडे उभं होतं. ऑपरेटर रोज येऊन चेनवरची धूळ पुसायचा, कारण पगार चालू होता आणि त्याला लाज वाटायची.

तेव्हा सीआयएफच ठेवायचं असेल तर करारात 'ए संचाचा विमा, किमतीच्या ११० टक्के रकमेचा, तुमच्या गोदामापर्यंत' असं लिहून घ्या. माझी स्वतःची पसंती वेगळी आहे. भाडं त्याला भरू द्या आणि विमा आपण आपल्या ओळखीच्या कंपनीकडून काढा. त्या अटीला सीएफआर म्हणतात. दावा करायची वेळ आली तर परक्या देशातल्या विमा कंपनीला, परक्या वेळेत, परक्या भाषेत फोन लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

'जहाज कंपनी भरून देईल ना' असं मेहुणा म्हणेल. अनेक देशांत ज्या हेग-व्हिस्बी नियमांवर जहाज कंपनीची जबाबदारी ठरते, त्यांत ती मर्यादित आहे: दर नगाला ६६६.६७ किंवा दर किलोला २ एसडीआर, यातलं जे जास्त असेल ते. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. २२ टनांच्या मशीनला ही मर्यादा ४४,००० एसडीआर होते. आणि तेही जहाज कंपनीची चूक ठरली तर. शिवाय आतलं, सहज न दिसणारं नुकसान असेल तर ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि दावा लावायला एकच वर्ष मिळतं. मशीन डेकवर, उघड्यावर नेलं जाणार असेल तर हे नियम कित्येकदा लागूच होत नाहीत आणि विम्याच्या अटीही बदलतात. बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

आणखी एक भानगड आहे, जी क्वचित येते पण आली की झोप उडवते. एव्हर गिव्हन जहाज २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्यानंतर जहाजमालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं. जहाज वाचवायला आलेला असाधारण खर्च जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा हा फार जुना सागरी रिवाज आहे. ज्यांचा विमा होता, त्यांच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. ज्यांचा नव्हता, त्यांना माल सोडवायला रोख अनामत भरायची वेळ. म्हणजे तुमच्या मशीनला खरचटलंसुद्धा नाही, तरी बिल येऊ शकतं.

आता पैशांचं बोलू.

३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के लोडिंगआधी, याचा सरळ अर्थ असा की मशीन जहाजावर चढायच्या आधी शंभर टक्के पैसे त्यांच्याकडे. मग त्यांनी वेगळं मॉडेल चढवलं, जुना पंप बसवलेलं चढवलं, दोन महिने काहीच चढवलं नाही, तरी तुमच्या हातात ई-मेल लिहिण्यापलीकडे काही उरत नाही. ही अट मान्य करू नका. ते प्रामाणिक असले तरी करू नका.

त्याऐवजी एलसी मागा, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. तुमची बँक विक्रेत्याला वचन देते: अमुक कागद, अमुक तारखेपर्यंत, बिनचूक सादर करा, पैसे मिळतील. त्याला पैशांची हमी मिळते, तुम्हाला मशीन जहाजावर चढल्याच्या पुराव्याची. बँकेचं शुल्क लागतं, काही रक्कम अडकून राहते, कागदांची कटकट होते. या आकाराच्या खरेदीला ती कटकट स्वस्त आहे.

पण एलसी म्हणजे रामबाण, असंही समजू नका. जगभरातल्या बँका ज्या नियमांवर एलसी चालवतात, ते 'यूसीपी ६००' १ जुलै २००७ पासून लागू आहेत, आणि त्यांचा पाचवा नियम स्पष्ट आहे: बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. कागद बरोबर असतील तर बँक पैसे देणार. खोक्यात विटा निघाल्या तरी देणार. म्हणून एलसीत कोणकोणते कागद मागायचे, हाच सगळा खेळ. बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उत्पत्तीचा दाखला हे नेहमीचे. त्यात एक जोडा: स्वतंत्र तपासणी संस्थेचं लोडिंगपूर्व प्रमाणपत्र, ज्यात मशीनचा १७ अक्षरी पीआयएन (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक), इंजिन नंबर आणि तासांचा आकडा असेल. एसजीएस, ब्युरो व्हेरितास, इंटरटेक अशा संस्था हे काम जगभर करतात. तपासनीस तुम्ही नेमा, पैसे तुम्ही द्या. विक्रेत्याने नेमलेला तपासनीस म्हणजे मुलीच्या मामाने आणलेलं स्थळ. चांगलंही असेल, पण चौकशी आपण करायची.

एलसीचा मसुदा बँकेत देण्याआधी विक्रेत्याला दाखवा. मशीनचं वर्णन दोघांनी अक्षरशः एकच लिहायला हवं. आपण बोलताना पोकलेन म्हणतो. ते नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचं आहे आणि आपल्या तोंडात ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला चिकटलं, जसं जेसीबी चिकटलं. मी एका अर्जात 'पोकलेन' असंच टाइप केलेलं पाहिलंय, मशीन मात्र तिसऱ्याच कंपनीचं. कागदावर 'हायड्रॉलिक क्रॉलर एक्स्कॅव्हेटर', पुढे मॉडेल, वर्ष, पीआयएन. इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलं नाही की बँक कागद अडवते आणि मग जहाज बंदरात पोहोचतं, कागद दोन बँकांमध्ये फिरत राहतात.

लहान विक्रेते कधी कधी एलसीला नाही म्हणतात. मग निदान ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची प्रत पाहिल्यावर, आणि तपासणी अहवाल हाती आल्यावर. आगाऊ रक्कम ३० ऐवजी २० वर आणायचा प्रयत्न करा. आणि हे मेहुण्याला पाठ करायला लावा: पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी 'आमचं बँक खातं बदललंय' असा ई-मेल आला, तर पैसे पाठवायचे नाहीत. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या माणसाच्या तोंडून खातं क्रमांक ऐकायचा. ई-मेलमध्ये दिलेल्या नव्या नंबरवर नाही. या एका युक्तीने फसलेल्या व्यापाऱ्यांची संख्या जहाज बुडून नुकसान झालेल्यांपेक्षा जास्त असेल, असा माझा आपला अंदाज.

इथवर कागद झाले. पण समजा कागद सगळे चोख आहेत. मशीन तुमच्या कामाचं आहे का?

तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त, हे ऐकल्यावर मी पहिला प्रश्न इंजिनाबद्दल विचारीन. ते कुठल्या उत्सर्जन मानकाचं आहे? तुमच्या देशात नोंदणीला जे मानक लागतं त्याच्या खालचं इंजिन असेल तर मशीन सीमाशुल्काच्या दारातच अडकेल. स्वस्ताईचं कारण बरेचदा हेच असतं. उलटंही होतं, आणि ते कुणी सांगत नाही. युरोपातला स्टेज फाइव्ह किंवा अमेरिकेतला टियर फोर फायनल या मानकांच्या इंजिनांना बहुतेकदा धूर गाळणारी आणि रासायनिक प्रक्रिया करणारी यंत्रणा जोडलेली असते. तिला अतिशय कमी गंधकाचं डिझेल लागतं. अमेरिकेत ही मर्यादा दहा लाख भागांत १५ भाग आहे, युरोपात १०. बॅरलमधून कुठलंही डिझेल ओतून चालवलंत तर फिल्टर कोंडतो, मॉनिटरवर दिवे लागतात आणि इंजिन स्वतःच ताकद उतरवून घेतं. शिवाय बहुतेक मशिनांत युरियाचं द्रावण भरावं लागतं, ते ३२.५ टक्क्यांचंच, शुद्ध. आडरानात काम करणाऱ्याने हे द्रावण महिनाभर कुठून मिळणार, हे आधी ठरवायचं. तुमच्या साइटवर डिझेल कुठून येतं, ते तुम्हालाच माहीत, उत्पादकाला नाही.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. फिल्टर, बकेटचे दात, होस, सील किट हे कुठेही सोय होऊन मिळतात. मुख्य हायड्रॉलिक पंप, स्विंग मोटर, फायनल ड्राइव्ह, कंट्रोलर हे मिळत नाहीत. विक्रेत्याला सांगा, या चार वस्तूंचे पार्ट नंबर, भाव आणि पोहोचवायची मुदत लेखी द्या. जो खरा उत्पादक आहे तो एका दिवसात देतो. जो नुसता मधला व्यापारी आहे तो म्हणतो, 'काळजी करू नका, सगळं मिळेल.' तुम्ही ज्याला उत्पादक समजताय तो उत्पादकच आहे का, हेही या एका प्रश्नाने कळतं, म्हणून तो मला फार आवडतो.

पहिल्या हजार तासांचे फिल्टर आणि सील मशीनसोबतच मागवा. निदानाचं सॉफ्टवेअर कोणाकडे आहे, पासवर्ड कोणाला मिळणार, मॉनिटर तुमच्या ऑपरेटरला वाचता येईल अशा भाषेत आहे का, हेही विचारा. लोंबणारे चार कनेक्टर मी अजून विसरलेलो नाही.

वॉरंटीवर मी फार शब्द घालवत नाही. वॉरंटीत भाग फुकट मिळतो. विमानाचं भाडं, तंत्रज्ञाचा मुक्काम आणि तुमचे उभे दिवस मिळत नाहीत.

जुनं मशीन. २,१०० तास. फोटो छान असणारच; पाण्याने धुवून, रंग मारून, टायर चमकवायच्या पॉलिशने केबिन पुसून काढलेले असतात. तासांचा मीटर बदलता येतो, झिजलेलं लोखंड बदलायला पैसे पडतात. म्हणून आकडा बघू नका, झीज बघा. प्रवासाच्या पेडलचं रबर मागवा, अगदी जवळून काढलेल्या फोटोत: २,१०० तासांच्या मशीनमध्ये त्यावरची नक्षी दिसायला हवी. नक्षी गुळगुळीत असेल किंवा पेडलचं रबर बाकी केबिनपेक्षा नवं दिसत असेल, तर मीटर खोटं बोलतोय. जॉयस्टिकची मूठ, सीटची डावी कड जिथून ऑपरेटर चढतो-उतरतो, दाराची बिजागरी, सगळं तीच गोष्ट सांगतं. मशीन सहा वर्षांचं असेल आणि तास २,१०० असतील तर वर्षाला साडेतीनशे तास झाले. कामाचा पोकलेन वर्षाला हजार-दोन हजार तास सहज चालतो. इतकं कमी का चाललं, याला पटणारं उत्तर हवं.

मग तपासनिसाला सांगा, इंजिन थंड असताना जा. मशीन आधीच चालू करून ठेवलेलं असेल तर परत ये, उद्या जा. सकाळचा पहिला स्टार्ट आणि पहिला धूर याचा न कापलेला व्हिडिओ हवा. बकेट जमिनीवर टेकवून वर-खाली हलवल्यावर पिन आणि बुशमधला खुळखुळाट दिसतो. बूम वर उचलून इंजिन बंद केलं आणि बूम हळूहळू बसायला लागला तर सिलिंडरची सीलं किंवा व्हॉल्व्ह गेले. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर चेन, रोलर, सगळा खालचा संच बदलायला आलाय, आणि ट्रॅकवरच्या मशीनमध्ये तो खर्च फार मोठा असतो. इंजिन तेल आणि हायड्रॉलिक तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की धातूचा चुरा किती ते कळतं. पीआयएनची पाटी आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर जुळतो का, पाटीचे रिव्हेट मूळचे आहेत का, तेही. तो नंबर त्या कंपनीच्या अधिकृत डीलरला पाठवून विचारा, हे मशीन चोरीचं नाही ना, गहाण नाही ना, शेवटच्या सर्व्हिसला किती तास होते. आणि जुन्या मशीनच्या आयातीला तुमच्या देशात वयाची अट किंवा परवाना लागतो का, हे सगळ्यात आधी. नाहीतर बाकी सगळी तपासणी फुकट.

जुन्या मशीनला मातीही सोडत नाही. चेनच्या कडीत, बेली प्लेटच्या मागे वाळलेला चिखल राहतो, त्यात बिया, कीटक. म्हणून वापरलेल्या यंत्रांच्या वाहतुकीसाठी २०१७ पासून वेगळं आंतरराष्ट्रीय वनस्पती-संरक्षण मानक आहे, आणि काही देश त्यात फार कडक. मूठभर मातीसाठी आख्खं मशीन परत पाठवल्याची उदाहरणं आहेत. सुट्या भागांच्या लाकडी खोक्यांवर कणसाचं चिन्ह आणि प्रक्रियेचा शिक्का आहे का, तेही फोटोत बघून घ्या.

वाहतुकीचं थोडक्यात. २२ टनी मशीनची रुंदी साधारण तीन मीटरच्या आसपास, आणि चाळीस फुटी कंटेनरचं दार जेमतेम २.३४ मीटर. म्हणजे बंद कंटेनरमध्ये ते जात नाही. एकतर रो-रो जहाज, ज्यात मशीन स्वतःच्या चेनवर चालत चढतं, किंवा फ्लॅट रॅक, ज्यावर ते साखळ्यांनी जखडून ठेवतात. रो-रो जात असेल त्या बंदराला मी तेच निवडीन. क्रेनची उचल-ठेव टळते. काहीही निवडा, मॉनिटर काढून वेगळ्या खोक्यात, कुलपात पाठवायला सांगा. बकेट आतून मोकळी ठेवू नका म्हणणारे विक्रेते असतात, 'त्यात सुटे भाग ठेवतो, जागा वाचते.' वाचते. आणि भाग जातात.

बंदरावर उतरल्यावरचा खर्च सीआयएफमध्ये नाही. शुल्क, कर, बंदराची हाताळणी, क्लिअरिंग एजंट, लो-बेड ट्रेलर, रस्त्याने नेण्याचा परवाना, वाटेतले कमी उंचीचे पूल. ३६० अंश फिरणाऱ्या एक्स्कॅव्हेटरचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक, जगभर ८४२९.५२ आहे, पुढचे आकडे देशागणिक. बॅकहो लोडर त्यात बसत नाही. कोडावर शुल्क ठरतं, म्हणून विक्रेत्याने 'सोयीचा' कोड घातला असेल तर तो बदलून घ्या. दंड तुम्हाला होईल, त्याला नाही. बंदरातल्या मोकळ्या दिवसांची मुदत संपली की डेमरेज, म्हणजे माल उशिरा उचलल्याचा आकार, सुरू होतं आणि ते दिवसागणिक वाढतं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत डेमरेज मशीनमुळे लागलं नाही, मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरमध्ये अडकल्यामुळे लागलं. क्लिअरिंग एजंट मशीन निघायच्या आधी नेमा आणि कागदांचे मसुदे त्याच्या नजरेखालून घाला. तो तासाभरात जे पकडेल ते बँकेला पकडायचं कारण नाही.

आता हे सगळे आकडे एका कागदावर उतरवा: मशीन, विमा, तपासणी, शुल्क-कर, बंदर, ट्रेलर, पहिल्या हजार तासांचे भाग, आणि वर्षाला पंधरा दिवस मशीन उभं राहील असं धरून त्या दिवसांचं भाडं. शेजारी डीलरचा भाव, ज्यात यातलं बरंच आधीच धरलेलं आहे. तिसरा हिस्सा फरक होता तो किती उरला ते बघा. एक मशीन घेणाऱ्याचा बरेचदा फारसा उरत नाही. तीन-चार घेणाऱ्याचा उरतो, कारण भाग आणि तंत्रज्ञ वाटले जातात. तुमचा आकडा मला माहीत नाही, तो तुम्हीच काढायचा. जुन्या मशीनबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: पहिली आयात जुन्याची करू नका.

विक्रेत्याला आजच ई-मेल लिहा. चार भागांचे पार्ट नंबर आणि मुदत, इंजिनाचं उत्सर्जन प्रमाणपत्र, एलसी मान्य आहे का, आमचा तपासनीस कारखान्यात येऊ देणार का. एवढंच, सौम्य शब्दांत. आगाऊ रकमेचा विषय काढू नका. आठ दिवसांत काय उत्तर येतं ते मला कळवा, आणि सोबत त्यांचा दुसरा प्रोफॉर्मा जोडा. तो पहिल्यापेक्षा दोन पानं जास्त असेल तर मेहुण्याबरोबर बसून पुढचं बोलू. पुन्हा एकच पान आलं, खाली तीच पंधरा दिवसांची मुदत, तर चालू कामावर भाड्याचा पोकलेन महिनाभर आणखी लावा.